चारशे बारावं नाणं

दर रविवारी सकाळी नऊ वाजता ते टेबल खिडकीशी ओढतात. टेबलावर हिरवं फडकं, त्यावर एक भिंग, सोनाराकडे असतो तसला छोटा तराजू, लोहचुंबक, दगडी फरशीचा तळहाताएवढा तुकडा आणि छापील चिठ्ठ्यांचं पुस्तक. दारावर पाटी आहे: 'विचित्र नाणी तपासून मिळतील. फी नाही.' गल्लीत त्यांना भिंगवाले म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर असेल तेवढंच.

वय एकाहत्तर. नाण्यांच्या सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस होते. पट्ट्यावरून नाणी वाहत येत. त्यातलं चुकलेलं तेवढं उचलून लाल डब्यात टाकायचं, हे काम. निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्यांनी तेच काम घरी चालू ठेवलं, फक्त उलट्या बाजूने: तिथे चुकलेलं नाणं वितळवायला जायचं, इथे लोक त्याची किंमत विचारायला येतात.

चिठ्ठीवर पाच रकाने आहेत. वजन, कड, आवाज, चूक काय, आणि शेवटचा रकाना 'चूक कुठे झाली: आत की बाहेर'. सगळी किंमत या शेवटच्या रकान्यात असते. चूक कारखान्याच्या आत झाली असेल तर नाण्याला मोल. बाहेर कोणी ते ठोकलं, तापवलं, आम्लात बुडवलं, रुळावर ठेवून चेपलं, तर ते फक्त खराब झालेलं नाणं. दहातली नऊ नाणी बाहेरची निघतात. मालकांना ते पटत नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, "नीट बघा हो, शेजाऱ्यांच्या नाण्याला तुम्ही आत लिहिलंत!"

किंमत ते पैशात सांगत नाहीत, वस्तूंत सांगतात. ठसा बाजूला सरकलेलं नाणं म्हणजे एक चप्पल जोड. एक अक्षर न उमटलेलं म्हणजे दोन चहा, तेही उभ्याने. पैशाचा आकडा सांगितला की माणूस तो डोक्यात धरून बसतो आणि महिन्याने भांडायला येतो, असा त्यांचा अनुभव आहे.

गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याला विरंगुळा हवा म्हणून हा उद्योग. बायकोला खरं माहीत होतं. भिंगवाले एका नाण्याची वाट बघत होते. ते नाणं कधी ना कधी कोणाच्या तरी हाती लागणार, आणि या गावात विचित्र नाणं हाती लागलेला माणूस दुसरीकडे कुठे जाणार? म्हणून पाटी, म्हणून फी नाही. टेबलावर कोणी मूठ उघडली की आधी त्या मुठीत ते नाणं नाही याची खात्री करायचे; आणि मग भिंग उचलायचे.

*

त्या कारखान्यात पैसे बनत, पण कामगाराने खिशात पैसे घेऊन आत जायचं नाही, असा नियम होता. गेटवरच्या खिडकीत आपली नाणी जमा करायची, वहीत आकडा लिहून सही करायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची. आत चहा मिळायचा तो पितळी बिल्ल्यावर. 'पैशांच्या डोंगरावर उभे आहोत आणि चहा उधार,' हा तिथला सगळ्यात जुना विनोद. गणवेशाला खिसे नव्हते. पँटच्या पायाला बाहेरून दुमड चालत नसे. जाताना झडती व्हायची: हात, तोंड, बूट, कंबर.

तीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, पाळी संपायला वीस मिनिटं असताना, तीन नंबरच्या यंत्रावर ठसे बदलले गेले. पाचाच्या नाण्याचे ठसे बसवायचे होते. आकड्याच्या बाजूचा ठसा बरोबर बसला. मागच्या बाजूला मात्र पाचाच्या नेहमीच्या पुलाच्या जागी जहाज बसलं. जहाज असायचं दोनाच्या नाण्यावर, आणि तो ठसा लहान. यंत्र सुरू झालं आणि पट्ट्यावरून अशी नाणी येऊ लागली की एका बाजूला ठसठशीत पाच आणि दुसऱ्या बाजूला रुंद कोऱ्या कडेच्या मधोमध एक छोटंसं जहाज.

भिंगवाल्यांनी लाल घंटा दाबली. यंत्र थांबलं तेव्हा त्याच्या मोजणीच्या तबकडीवर आकडा होता चारशे बारा.

नियम असा की अशी नाणी हाताने मोजायची, आकडा जुळवायचा, चिठ्ठीवर तपासनिसाने सही करायची आणि सगळी भट्टीत जायची. त्यांनी मोजली. चारशे अकरा. पुन्हा मोजली. चारशे अकरा. बाहेर पाळीची बस भोंगा वाजवत होती, आणि ती कोणासाठी थांबत नसे.

"यंत्र चुकतं का कधी?" मुकादम म्हणाला. "तूच चुकला असशील. कर सही, चल."

त्यांनी लिहिलं: 'मिळाली ४१२, भट्टीत ४१२.' आणि सही केली. बस मिळाली.

घरी बायकोने पँट भिजवायला टाकली, तेव्हा घंगाळात काहीतरी वाजलं. नवी पँट लांब होती म्हणून तिने पाय आतून वर घेऊन मोठमोठे टाके घातले होते. एक टाका उसवला होता. पट्ट्यावरून उडालेलं नाणं त्या फटीतून आत गेलं होतं आणि झडती घेणाऱ्याचा हात बुटावरून थेट कंबरेकडे गेला होता, मधल्या शिवणीपाशी थांबलाच नव्हता.

परत का नेलं नाही, असं कोणीही विचारेल. जाताना झडती होती तशी येतानाही होती. त्याच्या दोन वर्षं आधी पोती शिवणाऱ्या एकाच्या बुटात तीन नाणी सापडली होती. तो सांगत राहिला की ती आपोआप गेली. आठवड्यात त्याच्या कुटुंबाने कारखान्याची खोली रिकामी केली. ट्रंक, गादी आणि पिंजऱ्यातला पोपट घेऊन ते लोक हातगाडीमागे चालत गेलेले भिंगवाल्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. आणि त्याच्याविरुद्ध तर सहीचा कागदही नव्हता.

त्यांनी हातोडा आणला, नाणं उंबऱ्यावर ठेवलं आणि हातोडा पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. नाणं ठोकून विद्रूप करणं हाही गुन्हा आहे, हे गल्लीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सायकलचं पंक्चर काढून घेतलं आणि पाचाची बाजू वर ठेवून ते नाणं दुकानदाराच्या तळहातावर टेकवलं. त्याने न बघता गल्ल्यात टाकलं.

सायकलवर बसले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या वळणावर भीतीने गाठलं. नाणं घरात होतं तोवर ते फक्त त्यांना माहीत होतं. आता ते कोणाच्याही हाती लागू शकत होतं. कोणीतरी ते उलटं करणार, जहाज बघणार, कारखान्याला विचारणार. कारखाना ती चिठ्ठी काढणार. आणि चिठ्ठीखाली एकच सही.

पुढची तीस वर्षं त्यांनी सुटे पैसे कधी मोजले नाहीत, उलटून पाहिले. वाण्याकडे, औषधवाल्याकडे, लग्नघरात आलेल्या पाकिटांतसुद्धा. एका वाढदिवसाला भावाच्या नातीची मातीची भिशी फुटली तेव्हा हे जमिनीवर बसून एकेक नाणं उलटं करू लागले. "दादा, पोरीच्या पैशावर डोळा का?" भाऊ हसत म्हणाला. सगळे हसले. भिंगवाले हसले नाहीत. अजून चाळीसेक नाणी बघायची राहिली होती.

*

या वर्षी, एका रविवारी साडेदहाला, लाँड्रीत काम करणारी एक बाई खळीचा डबा घेऊन आली. पन्नाशीची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाफेचे जुने डाग.

"तुम्हीच का भिंगवाले काका? मला वाटलं, डोळे तरी भिंगाएवढे असतील."

तिने डबा उपडा केला. तेवीस नाणी. लोकांच्या खिशात राहिलेली. मालकाचा नियम होता: महिनाभर बरणीत ठेवायची, कोणी विचारलं नाही तर धुणाऱ्याची. त्यातली जरा वेगळी दिसतील ती ती बाजूला ठेवायची, असं वीस वर्षं चाललं होतं. आता मालक लाँड्री बंद करत होता. वाफेचं मोठं इस्त्रीयंत्र विकायला काढलं होतं, आणि दीड महिना ते तिच्यासाठी राखून ठेवायला तो तयार होता.

"यंत्र माझा हात ओळखतं," ती म्हणाली. "दुसऱ्याकडे गेलं तर पहिल्याच दिवशी त्याला भाजेल. बघा काका, यातून निघतंय का काही."

पहिली सोळा बाहेरची निघाली. सतराव्याची कड एका जागी खाल्ल्यासारखी होती. ती म्हणाली, "हे तर कानशीने घासलंय कोणीतरी."

"नाही. पत्र्यातून चकती कापताना पत्रा सरकला की असं होतं. याच्या बरोबर समोरची कड बघा, पुसट आहे ना? घासणाऱ्याला इकडची कड घासायची अक्कल असते, तिकडची पुसट करायची नसते. हे आतलं. एक चप्पल जोड."

"बूट नाही होणार?"

"चप्पल. तीही साधी."

विसावं नाणं त्यांनी उचललं. पाच. सवयीने उलटं केलं. जहाज.

कानात भोंगा वाजतोय असं त्यांना वाटलं. समोर बाई बोलत होती, ते लांबून ऐकू येत होतं. "हे ना, एका वारलेल्या माणसाच्या कोटातलं. खिसा फाटून अस्तरात गेलं होतं, कोण जाणे कधीचं. त्याच्या मुलाला फोन केला तर म्हणतो, पाचाच्या नाण्यासाठी फोन कसले करता!"

हात आपलं काम करत राहिले. वजन बरोबर. चुंबकाला चिकटलं नाही, तेही बरोबर. भिंगाखाली कड फिरवली. असली नाणी बहुतेक बनावट असतात. दोन नाणी पोखरून एकमेकांत बसवतात, आणि कडेच्या आतल्या बाजूला केसाएवढी रेघ राहते. रेघ नव्हती. शेवटी नाणं फरशीच्या तुकड्यावर टाकलं. जोडलेलं नाणं खट्ट करतं. हे घंटेसारखं वाजलं, आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

त्यांनी चिठ्ठी भरली. वजन, कड, आवाज. चूक काय: 'दोन वेगळ्या नाण्यांच्या बाजू.' शेवटच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. मग लिहिलं: 'बाहेर.'

"म्हणजे?"

"खोटं आहे. दोन नाणी जोडलीत. जादूवाले वापरतात."

"अरेरे. मला वाटलं होतं, हेच काहीतरी आहे."

इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण नाणं अजून त्यांच्या हातात होतं, आणि तीस वर्षांनी ते पुन्हा दाराबाहेर जाणार होतं. ते म्हणाले, "ठेवून जा हवं तर. नमुना म्हणून."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. "आत्तापर्यंत सोळा बाहेरची निघाली. त्यांतला एकही नमुना नाही मागितलात."

"हे जरा... सफाईदार आहे."

"मग असू दे माझ्याकडेच. सफाईदार आहे म्हणता ना?" तिने नाणं त्यांच्या बोटांतून काढून घेतलं, रुमालात बांधलं. दारात थांबून म्हणाली, "काका, पंखा चालू आहे. घाम कसला येतोय तुम्हाला?"

*

"वाजलं ते ऐकलं मी," बायको म्हणाली. "काय लिहिलंत?"

"बाहेर."

ती खुर्चीवर बसली. "तीस वर्षं माझ्या टाक्यांना नावं ठेवलीत. एक टाका उसवला म्हणून आयुष्य उसवलं, असं ऐकवलंत. आणि आज?"

"तिने ते जुन्या नाण्यांच्या दुकानात दाखवलं तर मी..."

"दाखवलं तरी तो घेणार नाही. तुमची चिठ्ठी आहे ना खोटं म्हणून! तुमच्या सहीला किंमत आहे गावात." ती उठली. "तेव्हा निदान बस सुटत होती. आज कुठे जायचं होतं?"

दुपारी ते जेवले नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं की दाराकडे बघत राहिले. आजवर त्यांना वाटत आलं होतं की आपण घाबरट आहोत, पण खोटे नाही. एकदाच, घाईत, एक आकडा चुकला. सोमवारी सकाळी आठला ते लाँड्रीत गेले. खिशात दुसरी चिठ्ठी होती. शेवटच्या रकान्यात 'आत'.

ती यंत्रावर चादरी दाबत होती. त्यांनी वाफेत उभं राहून सगळं सांगितलं. पट्टा, भोंगा, चारशे अकरा, टाका, पंक्चर. तिने मध्ये दोन चादरी काढल्या.

"म्हणजे काका, तुम्ही चोर?"

"नाही."

"मग घाबरता कशाला?"

"नाही हे सिद्ध करता येत नाही म्हणून."

तिने यंत्राचं झाकण दाबलं. वाफ दोघांच्या मध्ये आली आणि गेली. "चिठ्ठी बदलायला आलात हे बरं केलंत. नाहीतर मी जुन्या नाण्यांच्या दुकानात बसून तुमचा उद्धार करणार होते. आता एक करा. माझ्या नाण्याचे साक्षीदार जगात तुम्ही एकटे. तब्येत सांभाळा. निदान विकेपर्यंत."

जुन्या नाण्यांच्या दुकानदाराला त्यांनी फक्त चिठ्ठी दिली, हकिकत नाही. बाईलाही गप्प राहायला सांगितलं. दुकानदाराने नाणं पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग जो आकडा बोलला त्यात इस्त्रीयंत्र आलं असतं आणि त्यावर खोलीचं दोन वर्षांचं भाडं. "पण एवढ्या नाण्याला नुसती चिठ्ठी पुरत नाही, भिंगवाले. तुमच्यावर अविश्वास नाही. गिऱ्हाईक विचारणार, कारखाना काय म्हणतो?" आणि त्याने फोटो, चिठ्ठीची नक्कल आणि पत्र कारखान्याला पाठवलं.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत भिंगवाल्यांचं वजन चार किलोने कमी झालं. पोस्टमन गल्लीत साडेअकराला येतो. हे अकरापासून खिडकीत. झोपेत ते मोजत असत, असं बायको सांगते; आकडा कधी पूर्ण होत नसे. एकदा खाकी कपड्यातला माणूस जिना चढून आला तेव्हा ते न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. गॅसच्या नळीची तपासणी करायला आला होता. "साहेब घरात नाहीत का?" त्याने विचारलं. "आहेत," बायको म्हणाली, "पण आज आत आहेत."

सहाव्या आठवड्यात उत्तर आलं, दुकानदाराच्या पत्त्यावर. चार ओळी होत्या. त्या तारखेला असे चुकीचे नग पडले होते हे खरं. नोंदीप्रमाणे यंत्रातून निघाले चारशे बारा, भट्टीत गेले चारशे बारा. संबंधित तपासनिसाची सही आहे. एकही नग बाहेर गेलेला नाही. सबब, सोबतच्या फोटोतलं नाणं या कारखान्याचं असू शकत नाही.

दुकानदाराने नाणं बाईच्या हातावर परत ठेवलं. "वाईट वाटतं, ताई. कारखान्यानेच कानावर हात ठेवले."

भिंगवाले तिथेच उभे होते. सुंठीवाचून खोकला गेला होता. तीस वर्षं ज्या कागदाने झोप उडवली त्याच कागदाने त्यांना सोडवलं होतं: जे नाणं कधी बाहेर पडलंच नाही, ते कोणी बाहेर कसं आणणार? आता फक्त गप्प राहायचं होतं.

रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाली, "म्हणजे तुमच्या खोट्या सहीने माझं खरं नाणं खोटं पडलं."

"हो."

"यंत्राला शनिवारपर्यंत मुदत आहे." थोडं चालल्यावर ती पुन्हा म्हणाली, "मी काही म्हणत नाही, काका. तुमची पेन्शन आहे. मीही तुमच्या जागी गप्पच बसले असते."

ती भांडली असती तर भिंगवाल्यांना सोपं गेलं असतं.

*

गुरुवारी ते कारखान्यात गेले. त्याआधी बायकोला बँकेचं पुस्तक कुठे आहे, विम्याचे कागद कुठे आहेत, पाण्याच्या टाकीचा कॉक कुठल्या बाजूला फिरतो, सगळं सांगितलं.

"फाशी देणार नाहीत," ती म्हणाली. "डबा घ्या."

घालायच्या पँटचे पाय तिने आदल्या दिवशी उसवून बारीक टाक्यांनी पुन्हा शिवले होते. त्याबद्दल दोघं काही बोलले नाहीत.

लाँड्रीवाली बाई सोबत आली, पण गेटबाहेरच्या बाकावर बसून राहिली. नाणं रुमालात, रुमाल मुठीत. "ते आत नाही यायचं. आत गेलेलं बाहेर येईल याचा मला काय भरवसा? तुमच्यासारखी प्रत्येकाची शिवण उसवत नाही."

खिडकी तीच होती, वही नवी. पहारेकऱ्याने थाळी पुढे केली. भिंगवाल्यांनी खिशातली नाणी त्यात टाकली, त्याने बोटाने सरकवत 'सात' लिहिलं, यांनी सही केली. झडतीच्या वेळी त्याचा हात पँटच्या पायापर्यंत आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

अधिकारी बाई चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी फाइल मागवली. चिठ्ठी पिवळी पडली होती, टाचणीचा गंज कागदात उतरला होता, पण आकडे स्वच्छ होते. भिंगवाल्यांनी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.

"यंत्राने चारशे बारा दाखवले. तुम्ही हाताने मोजलेत चारशे अकरा."

"दोनदा."

"मग चारशे बारावर सही का केलीत?"

"बस सुटत होती."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि जबाबात लिहिलं: 'बस सुटत होती.'

जबाब पूर्ण झाला. खाली सही करायची होती, आणि ती जुन्या चिठ्ठीवरच्या सहीशी जुळायला हवी होती, नाहीतर जबाब देणारा तोच तपासनीस कशावरून? त्यांनी सही केली. अक्षरं पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेली. "जुळत नाही," बाई म्हणाल्या. दुसरी केली, ती पहिल्याशीही जुळेना. आयुष्यभर जी सही आपली निघू नये म्हणून धडपडले, ती आता आपली आहे हे त्यांना पटवून द्यावं लागत होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले आणि शिक्का मारला.

"जुन्या नोंदीवर शेरा जाईल: एक नग कमी. त्याची नक्कल दुकानदाराला उद्या मिळेल."

"आणि नाणं? ते जप्त...?"

"नाणं चलनात जाऊन तीस वर्षं झाली. त्यावर कारखाना हक्क सांगणार नाही." फाइल बंद करताना त्या म्हणाल्या, "तुमचं मात्र मला सांगता येत नाही. कागद वर जाईल. पेन्शनला हात लावायचा की नाही, ते वरचे ठरवतील. सहा महिने लागतात, कधी वर्ष."

"म्हणजे वर्षभर..."

"हो. तसंच आहे ते."

परत गेटच्या खिडकीशी आले तेव्हा पाळी सुटत होती. मागे रांग लागली. पहारेकऱ्याने थाळी पुढे सरकवली, वही फिरवली. "सात. सही करा."

भिंगवाल्यांनी मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहा. बाहेर बसने भोंगा वाजवला.

"अहो आजोबा," मागून कोणीतरी म्हणालं, "अख्खा कारखाना मोजून नेताय का?"

"सहा आहेत," भिंगवाले म्हणाले.

"वहीत सात आहेत," पहारेकरी म्हणाला. "एखादं इकडे तिकडे झालं असेल. माझ्याकडून एक घ्या हवं तर. करा सही, लोक थांबलेत."

"सातवं शोधा. नाहीतर सहा लिहा. मी सातावर सही करणार नाही."

बस निघून गेली. रांगेतल्या सात-आठ जणांनी त्यांना काय काय म्हटलं ते इथे देण्यासारखं नाही. पहारेकऱ्याने थाळी उचलली, वही उचलली, शेवटी खुर्चीवरून उठून वाकला. नाणं टेबलाच्या पायाशी, त्याच्याच बुटाला टेकून पडलं होतं. साधं दोनाचं. भिंगवाल्यांनी ते घेतलं, उलटून जहाज नीट आहे का पाहिलं आणि सही केली. सही अजूनही पायऱ्या उतरत होती.

बाकावरची बाई उठून उभी राहिली. "बस गेली की हो," ती म्हणाली.